जुनी २६ इंची स्टील हार्डटेल ठेवू की नवीन घेऊ?

पांदणवाला
१२ एप्रिल, रात्री ९:४०

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

माझ्याकडे २०११ सालची स्टीलची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक) आहे. ४१३० क्रोमोलीची फ्रेम, २६ इंची चाकं, पुढे १०० मिमीचा सस्पेन्शनवाला चिमटा (म्हणजे फोर्क), पुढे तीन आणि मागे नऊ गिअर. मेव्हणा बाहेरून येताना खोक्यात घालून घेऊन आला होता. तेव्हापासून नागपूरकडच्या सेमिनरी हिल्स, अंबाझरी, झिलपी आणि कळमेश्वर-काटोल पट्ट्यातले पांदण रस्ते, सगळं हिच्यावरच झालं. रंग जागोजागी उडालाय, पण कुरकुर म्हणून नाही.

मग अडलं कुठे? मागच्या डिसेंबरात चिखलदऱ्याला गेलो होतो. उतारावरच्या गोट्यांच्या वाटेत पुढचं चाक एका खळग्यात अडलं आणि मी हँडलवरून सरळ पुढे. महिनाभर मनगट बांधून होतं. तेव्हापासून नवीन फ्रेमचे तक्ते वाचत बसलोय. माझी हेडट्यूब (चिमटा जिच्यात बसतो ती पुढची नळी) ६९.५ अंशांची, नव्या सगळ्या ६५ च्या आसपास. माझा रीच (पायडलच्या अक्षापासून हेडट्यूबच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) ४०० मिमी, नव्यांचा ४६०. चाकं २९ इंची, सीट खाली-वर करायला ड्रॉपर. वाचून वाचून असं वाटायला लागलंय की मी इतकी वर्षं जीव मुठीत धरूनच फिरत होतो.

वय ४३, उंची ५ फूट ८ इंच, वजन सांगत नाही. तीन मार्ग दिसतात. एक, नुसती नवीन स्टील फ्रेम आणून जुनं सामान तिच्यावर चढवायचं आणि हळूहळू बदलत जायचं. दोन, पूर्ण नवीन सायकल. तीन, जुनीवरच काहीतरी करायचं. ॲल्युमिनियम घे म्हणू नका, स्टीलशी माझं जुनं आहे.

एक विनंती: हा धागा घरी वाचला जातो. किमती लिहू नयेत.


तर्रीबाज
१२ एप्रिल, रात्री ९:४६

घेऊन टाक बे. धागा संपला.


सिंहगडी
१२ एप्रिल, रात्री १०:०५

प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. नागपुरात डोंगर आहेत कुठे? ६५ अंशांची सायकल घेऊन सीताबर्डीच्या किल्ल्यावरून उतरणार आहात का? सपाटीला ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्याची, वाकड्या हँडलची) घ्या, निम्म्या श्रमात दुप्पट अंतर होईल.


वऱ्हाडी ठसका
१२ एप्रिल, रात्री १०:२१

@सिंहगडी, पुण्याचे पाहुणे अर्ध्या तासात हजर! भाऊ, तुमच्या सिंहगडाचा रस्ता डांबरी हाय. इकडं या अन् एक डाव पांदणीवर चालवून पाहा. बैलगाडीच्या चाकोरीत चाक फसलं का मंग समजते ग्रॅव्हल बाइक काय असते थे. ढेकळं, धुऱ्यावरचे गोटे, वरून बाभळीचे काटे. डोंगर नाई आमच्याइकडं, पण रस्ता बी नाई.

अन् किल्ला मिलिटरीच्या ताब्यात हाय. वर्षातून मोजके दिवस उघडते. थ्या दिवशी सायकल नेऊ देत नाईत.


सिंहगडी
१२ एप्रिल, रात्री १०:३०

मान्य. किल्ला मागे घेतो.


धातूकाका
१३ एप्रिल, सकाळी ६:५०

व्हीआरसीईत धातुशास्त्र शिकलो (तेव्हा व्हीएनआयटी हे नाव नव्हतं), त्यामुळे स्टीलचा विषय निघाला की राहवत नाही.

"स्टील लवचीक, म्हणून आरामशीर" हे वाक्य अजून कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. ते येण्याआधीच सांगतो. घराच्या गेटची सळई असो की सायकलसाठीची महागडी रेनॉल्ड्स ८५३ ची नळी, स्टीलचा मूळ ताठपणा जवळजवळ सारखाच असतो, २०० गिगापास्कलच्या आसपास. ॲल्युमिनियमचा ७०. म्हणजे धातू म्हणून पाहिलं तर स्टीलच तिप्पट ताठ. मग स्टीलची सायकल नरम का लागते? नळ्या बारीक आणि भिंती पातळ ठेवता येतात म्हणून. महाग मिश्रधातूची ताकद जास्त असते, त्यामुळे नळीची भिंत टोकाला ०.९ आणि मधोमध ०.६ मिमी एवढी उतरवता येते. ८५३ ची तर गंमत अशी की वेल्डनंतर हवेत गार होताना सांध्याजवळ ते उलट कडक होतं. बाकीच्या नळ्या नेमक्या तिथेच नरम पडतात.

आता तुझ्या कामाचं. नव्या हार्डटेलला १३०-१४० मिमीचा चिमटा असतो. चिमटा लांब झाला की हेडट्यूबवर तरफेसारखा जोर येतो, म्हणून तिथल्या नळ्या जाड कराव्या लागतात. वर आयएसओ ४२१० (सायकलच्या सुरक्षेचं मानक) च्या चाचण्या आहेतच. तुझी २०११ ची फ्रेम आज जेवढी नरम वाटते तेवढी नवीन स्टील फ्रेम वाटेलच, या भरवशावर राहू नकोस. स्टीलवरच्या प्रेमापोटी घेणार असशील तर आधी कोणाचीतरी चालवून बघ.

आणि नुसता आरामच हवा असेल तर टायर रुंद घे, हवा कमी ठेव. फ्रेम लवते त्याच्या कितीतरी पट टायर दबतो.


तर्रीबाज
१३ एप्रिल, सकाळी ७:१०

काका, सकाळी सकाळी गिगापास्कल? पोहे तरी होऊ द्या आधी.


मूळचा महालचा
१३ एप्रिल, दुपारी २:१५

धागा बघून लॉगिन केलं. मी महालातला, गेली काही वर्षं शेफील्डला. पीक डिस्ट्रिक्ट इथून हाकेच्या अंतरावर. इकडे स्टील हार्डटेलचं वेड फार, कारण वर्षातले बरेच महिने चिखल, आणि त्या चिखलात मागच्या सस्पेन्शनच्या बेअरिंगची पार वाट लागते. रेनॉल्ड्सही इथलीच, बर्मिंगहॅमची. त्यांची ५३१ नळी १९३५ सालची. असो, इतिहास पुरे.

तुझ्या आकड्यांवर बोलतो. रीच ६० मिमीनं वाढला म्हणजे सायकल तेवढी लांबली, असं वाटतं ना? बसून चालवताना तसं होत नाही. तुझी स्टॅक (रीच मोजतो त्याच दोन बिंदूंमधली उभी उंची) ५९० धरतो, सीटट्यूब (सीटखालची नळी) ७३ अंश. सीटपासून हेडट्यूबपर्यंतचं आडवं अंतर साधारण ५८० येतं. त्यात त्या काळचा ९० मिमीचा स्टेम (हँडल पुढे धरणारा तुकडा) मिळवला की ६७०. नवीन फ्रेम: रीच ४६०, स्टॅक ६३५, सीटट्यूब ७६ अंश. आडवं अंतर ६१८, स्टेम ४५ चा. झाले ६६३. म्हणजे बसल्यावर नवीन सायकल काकणभर तोकडीच. लांबी कळते ती पायडलवर उभं राहून उतरताना.

दुसरी गोष्ट हेड अँगलची. ६५ हा आकडा कागदावरचा. हार्डटेलवर मागे काही दबत नाही, फक्त पुढचा चिमटा दबतो, त्यामुळे सायकल नाकावर झुकते. दर २० मिमीला साधारण १ अंश. ब्रेक दाबून खळग्यात गेलास आणि १३० पैकी १०० मिमी दबले की ६५ चे ७० होतात. तुझ्या जुनीवर १०० पैकी ८० दबले तर ६९.५ चे साडेत्र्याहत्तर. त्या क्षणी तू जवळपास शर्यतीच्या रोड बाइकवर बसून गोट्यांतून उतरत होतास. म्हणून उडालास.


पांदणवाला
१३ एप्रिल, रात्री ९:०५

साडेत्र्याहत्तर! हे वाचून मनगट परत दुखायला लागलं.

@धातूकाका, चालवून बघायचं पटतंय, पण नागपुरात अशी सायकल आहे कोणाकडे?


टेकडीवाली
१३ एप्रिल, रात्री ९:४८

माझ्याकडे आहे. स्टील, २९ इंची, १३० मिमीचा चिमटा, ६५ अंश. उंची तुमच्यापेक्षा दोन इंच कमी आहे, पण फेरी मारण्यापुरती चालेल. रविवारी पहाटे साडेपाचला सेमिनरी हिल्सवर असते. उशीर केलात तर मी गेलेली असेन, सातनंतर ऊन सहन होत नाही.

पण त्याआधी, तुमचा पहिला मार्ग मनातून काढून टाका. "नुसती फ्रेम आणून जुनं सामान चढवू" या वाक्यात फसलेले मी चार जण पाहिलेत, त्यातली एक मीच. तुमच्या मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी १३५ मिमी, क्विक रिलीजवाला. नव्या फ्रेमला लागतो १४८ चा, थ्रू-ॲक्सलवाला (आरपार जाड दांड्याचा). चाकं बाद. चिमटा २६ च्या चाकाचा आणि (हेडट्यूबमध्ये जाते ती) सरळ दांडीचा, तोही बाद. पुढचं डीरेलर (साखळी चकत्यांवर सरकवणारं) बसवायला बऱ्याच नव्या फ्रेमवर जागाच नसते. उरलं काय? पायडल, सीट, ब्रेक, ग्रिप. एवढ्यासाठी "हळूहळू" म्हणायचं आणि प्रत्येक वस्तूचा कुरिअर खर्च वेगळा भरायचा, त्यापेक्षा पूर्ण सायकल स्वस्त पडते.

उलट बाजूनंही तेच. जुनीवर नवा चांगला चिमटा लावू म्हणाल तर आता चांगले चिमटे निमुळत्या दांडीचे येतात, खाली दीड इंच. हेडट्यूब आतून ४४ मिमी असती तर बाहेरून कप लावून बसवता आला असता. तुमची ३४ ची असणार. व्हर्नियर लावून बघा.

आणि काहीही ठरवायच्या आधी एक ड्रॉपर लावून बघा. तुम्ही उडालात तेव्हा सीट वर होती की खाली?


पांदणवाला
१३ एप्रिल, रात्री १०:०२

वर. कायमच वर असते. प्रत्येक उताराला थांबून खाली करायचा कंटाळा.


टेकडीवाली
१३ एप्रिल, रात्री १०:०४

मग अंशांना फार दोष देऊ नका, सीट वर असली की अंग मागे नेता येत नाही. सीटपोस्ट काढून आतला व्यास मोजा. २७.२ असेल तर ड्रॉपर मोजके मिळतात, ३०.९ किंवा ३१.६ असेल तर भरपूर.


झिलपीकर
१४ एप्रिल, सकाळी ८:३०

सगळे नव्याच्या बाजूनं बोलतायत म्हणून जरा विरुद्ध बोलतो. मी अजून २६ वर आहे आणि राहणार आहे.

एक तरी जण गिअरबद्दल बोलला का? तुझ्या जुनीचा सगळ्यात हलका गिअर पुढे २२ दाते, मागे ३४. २६ च्या चाकाला गुणलं तर १६.८ इंच (आकडा जितका लहान तितका गिअर हलका). नव्या सायकलीला पुढे एकच चकती ३२ ची, मागे ५१ ची ती परातीएवढी. २९ नं गुणलं तर १८.२. म्हणजे एवढी मोठी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) लावून चढाला तू आजच्यापेक्षा जड गिअरमध्ये! पुढे ३० ची लावली तरी १७ च. दुकानात हे कोणी सांगत नाही.

एकच चकती हवीच असेल तर शिमानोचा ११ गिअरचा डिओरे संच, ११-५१ कॅसेटवाला, जुन्याच फ्रीहबवर (मागच्या हबचा कॅसेट बसते तो भाग) बसतो. १२ वाला बसत नाही, त्याला मायक्रो स्प्लाइन नावाचा वेगळा फ्रीहब लागतो. आणि टायर? २६ चा साधा टायर सीताबर्डीत कुठल्याही दुकानात मिळतो. २९ चा फाटला की पार्सलची वाट बघत बसायचं.


टेकडीवाली
१४ एप्रिल, सकाळी ९:१५

@झिलपीकर, गिअरचं गणित बरोबर आहे, मान्य. पण टायरचं अर्धंच सांगितलंत. २६ चा साधा टायर मिळतो, ट्यूबलेसवाला बरा टायर शोधून दाखवा. मागचे दोन तुम्ही माझ्याकडूनच नेलेत.


झिलपीकर
१४ एप्रिल, सकाळी ९:२०

ते जाहीर करायची गरज होती का?


वऱ्हाडी ठसका
१४ एप्रिल, सकाळी ११:००

टायरचा विषय निघालाच हाय त सांगतो. २६ घे का २९ घे, पण ट्यूबलेस कर. सराटे अन् बाभळीचा काटा यायच्यापुढं ट्यूब टिकत नाई. मी एका दिवसात सात पंक्चर काढलेत, आठव्याले सायकल बैलगाडीत टाकली. पण उन्हाळ्यात सीलंट (टायरातलं पंक्चर बुजवणारं पाणी) लवकर सुकते. दर दोन महिन्यानं टाकत जाय, नाईतर मंदी नुसती रबराची साय भेटते.

अन् पावसाळ्यात काळ्या मातीत जाऊच नको. पन्नास पावलं जात नाई त चाक जाम. काडीनं माती काढता काढता दिवस जाते. नवीन फ्रेम घेशील त टायर अन् मागच्या नळ्या यायच्या मधात बोट जाते का थे पाह्य.


पांदणवाला
१९ एप्रिल, रात्री ८:३०

मंडळी, धाग्याला वेगळंच वळण लागलंय. टेकडीवालींनी सांगितल्याप्रमाणे सीटपोस्ट काढायला गेलो. निघत नाही. म्हणजे हलतच नाही. क्लॅम्प पूर्ण काढला, सीट धरून पिळली, सीटचे रूळ वाकले. पोस्ट जागची हलली नाही.


तर्रीबाज
१९ एप्रिल, रात्री ८:३३

एवढ्या वर्षांत एकदाही काढला नाहीस?


पांदणवाला
१९ एप्रिल, रात्री ८:३५

माझी उंची बदलली नाही ना.


झिलपीकर
१९ एप्रिल, रात्री ८:५०

कॉस्टिक सोड्याचं पाणी ओत. ॲल्युमिनियम विरघळतं, स्टीलला काही होत नाही. पोस्ट जाईल, फ्रेम राहील.


तर्रीबाज
१९ एप्रिल, रात्री ८:५४

गॅसचा शेगडा लाव. गरम केलं की सगळं सुटतं.


धातूकाका
१९ एप्रिल, रात्री ९:३०

दोघांनीही जरा थांबा.

कॉस्टिक हा रसायनशास्त्रदृष्ट्या बरोबर आणि घरच्या गच्चीवर अत्यंत वाईट उपाय आहे. त्यातून हायड्रोजन निघतो, द्रावण तापून उसळतं आणि एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. सगळं हरलं तरच, आणि तेही जाणकाराच्या हातून.

आता शेगडी. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. पोस्ट आत, नळी बाहेर. दोन्ही मिळून तापवलीस तर पोस्ट आणखी घट्ट बसणार.

झालंय काय ते समजून घे. ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना चिकटून आणि मधे घाम, पावसाचं पाणी. झाला विद्युतघट. ॲल्युमिनियमवर पांढरी पूड साचते, तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून पोस्ट पाचरीसारखी आवळते. बसवताना ग्रीस लावलं असतंस तर ही वेळ आली नसती. आता ऐक. सायकल उलटी कर, बीबी (पायडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) काढ आणि खालून सीटट्यूबमध्ये भेदक तेल सोड, रोज थोडं, आठवडाभर. मग पोस्ट आतून गार कर आणि नळी बाहेरून तापव. पोस्ट पोकळ असते, तिच्यात बर्फ भर. नळी तापवायला तुला काही करावं लागणार नाही. दुपारी दोन वाजता गच्चीवर ठेव.


मूळचा महालचा
१९ एप्रिल, दुपारी ५:१०, शेफील्ड वेळ

आमच्याकडे हा उपाय चालणार नाही. आमच्याकडे दुपारी दोन वाजताही सीटट्यूब बर्फाएवढीच गार असते.


वऱ्हाडी ठसका
१९ एप्रिल, रात्री १०:१५

नागपूरच्या उन्हाचा पहिल्यांदाच कोणाले तरी उपयोग होऊन रायला. बर्फ रसवंतीवरून आण, घरच्या फ्रीजचा पुरत नाई.


पांदणवाला
४ मे, रात्री १०:१०

निघाला!!

सविस्तर सांगतो, कारण पुढे कोणाला लागेल. आठवडाभर तेल सोडलं. गेल्या रविवारी दुपारी फ्रेम गच्चीवर ठेवली, ऊन असं की हात लावला तर चटका. पोस्टमध्ये रसवंतीचा कुटलेला बर्फ आणि मूठभर मीठ. दहा मिनिटांनी पिळलं. काही नाही. परत बर्फ. काही नाही. काकांना फोन केला तर म्हणाले, साध्या हिशेबानं व्यासात फरक पडतो मिलिमीटरच्या तीन-शतांशाएवढा, म्हणजे केसाच्या निम्माही नाही, पण ती पूड तडकायला तेवढं पुरतं, जोर मात्र नीट जागी लागला पाहिजे.

मग काल फ्रेम घेऊन हिंगणा एमआयडीसीत एका मित्राच्या वर्कशॉपला गेलो. तिथे मोठा व्हाइस. सीट काढून पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये आवळलं आणि पूर्ण फ्रेमच हँडलसारखी धरून फिरवली. मी एका बाजूला, मित्राचा लेथवाला दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या झटक्याला असा आवाज आला की मला वाटलं फ्रेमच गेली. पोस्ट फिरली होती. पुढचा अर्धा तास एकेक मिलिमीटर फिरवत, तेल सोडत बाहेर काढली. अंगावर पांढऱ्या पुडीचे थरच्या थर.

आत टॉर्च मारून बघितलं. तळाशी थोडा गंज, खरवडला की निघणारा, भोक कुठेच नाही. लेथवाल्यानं नळी आतून घासून दिली, पैसे घेतले नाहीत, म्हणाला असा पाना आयुष्यात पहिल्यांदा फिरवला.

व्यास २७.२. हेडट्यूब ३४. टेकडीवाली, दोन्ही आकडे तुमचेच.


टेकडीवाली
४ मे, रात्री १०:२२

अभिनंदन. आता ग्रीस. भरपूर. आणि येताय कधी? तीन रविवार झाले.


पांदणवाला
११ मे, दुपारी १२:४०

आज गेलो होतो. पाच पस्तीसला पोचलो, टेकडीवाली घड्याळ बघत उभ्या. त्यांची सायकल तासभर फिरवली, त्या माझ्या जुनीवर. जसं वाटलं तसं लिहितो.

पहिली पाच मिनिटं अजिबात आवडली नाही. पुढचं चाक फार लांब कुठेतरी आहे असं वाटतं, आणि सावकाश चढताना ते इकडेतिकडे भटकतं. माझी जुनी नाकासमोर चढते. बसण्याची जागा मात्र बरीच पुढे, पायडलच्या वर, आणि त्यामुळे चढावर कंबरेला जो ताण येतो तो आला नाही. हे अपेक्षित नव्हतं.

मग मागच्या बाजूची दगडांची छोटी उतरण आहे ना, तिथे बटण दाबून सीट खाली केली आणि सोडून दिली. काय सांगू. मी तिथे दर वेळी उतरून चालतो. आज ब्रेकला हात न लावता खाली आलो आणि परत वर गेलो, परत खाली. चार वेळा. लहान मूल घसरगुंडीवर करतं तसं. परत येताना सिमेंट रोडच्या कडेचा तो वीतभर उंचवटा असतो, २९ चं चाक त्याच्यावरून काही झालंच नाही असं गेलं.

काका, तुमचंही बरोबर निघालं. फ्रेम नरम नाही. माझी जुनी जास्त नरम आहे. पण त्यांचे टायर २.४ चे, हवा माझ्यापेक्षा बरीच कमी, त्यामुळे एकंदरीत अंग कमी दुखलं.

आणि शेवटी सपाटीवर, पांदणीसारख्या मऊ कच्च्या रस्त्यावर दोन किलोमीटर गेलो. तिथे कंटाळा आला. जड नाव वल्हवल्यासारखं.


टेकडीवाली
११ मे, दुपारी १:१५

माझी बाजूही सांगते. त्यांची जुनी चालवून मला माझीच पहिली सायकल आठवली. वळणाला नुसतं बघितलं तरी वळते. झाडांमधल्या अरुंद वाटेत मी माझ्यापेक्षा वेगात गेले. उतरणीला मात्र मीही उतरून चालले. आणि भाऊ, चिमट्याच्या दांड्यांवरचा थर घासून खालचा धातू दिसायला लागलाय. शेवटची सर्व्हिस कधी?


पांदणवाला
११ मे, दुपारी १:१८

सर्व्हिस असते?


तर्रीबाज
११ मे, दुपारी १:१९

सीटपोस्ट काढला नाही, चिमट्याची सर्व्हिस नाही. नवीन सायकल याला देऊच नका.


टेकडीवाली
११ मे, दुपारी १:३०

रॉकशॉक्सवाले ५० तासांनी खालचं तेल बदला आणि २०० तासांनी आतली सर्व्हिस करा म्हणतात. आपल्या धुळीत त्याच्या आधीच करावं. तुमच्याला आता सर्व्हिस करून उपयोग नाही, घासलेली दांडी नवं सीलही खाणार.


झिलपीकर
११ मे, संध्याकाळी ६:००

मग सस्पेन्शनच काढ. त्याच उंचीचा साधा ताठ स्टीलचा चिमटा लाव. पांदणीला फार सुंदर सायकल होईल, हलकी होईल, सर्व्हिसची कटकट नाही. चाकंही तीच, सरळ दांडीही तीच, सगळं जागच्या जागी.


मूळचा महालचा
११ मे, रात्री ८:४५

झिलपीकरांना पहिल्यांदाच पूर्ण पाठिंबा. फक्त चिमट्याची उंची मोजून घे, चाकाच्या अक्षापासून हेडट्यूबच्या खालच्या कपाच्या बुडापर्यंत, आणि तू बसल्यावर दबलेली उंची धर. जास्त लांब लावलास तर हेड अँगल पडेल, पण खालच्या नळीच्या सांध्यावर जोर येईल. या फ्रेम १०० मिमीच्या हिशेबानं केलेल्या असतात.


सिंहगडी
११ मे, रात्री ९:१०

म्हणजे ताठ चिमटा, रुंद टायर, कच्चे सपाट रस्ते. याला आमच्याकडे ग्रॅव्हल बाइक म्हणतात. महिनाभरापूर्वी मी हेच म्हणालो होतो.


वऱ्हाडी ठसका
११ मे, रात्री ९:१४

हँडल सरळ हाय ना भाऊ. मंग थे सायकलच.


पांदणवाला
१८ मे, रात्री ९:३०

मंडळी, आठवडा विचार केला. वहीत लिहून काढलं की वर्षभरात मी नक्की चालवतो कुठे. दहातले आठ दिवस पांदण आणि झिलपी. एक दिवस सेमिनरी. उरलेला चिखलदरा किंवा पचमढीचं नुसतं ठरवणं.

या हिशेबानं नवीनची गरज नाही. पण त्या उतरणीवरून चौथ्यांदा खाली आलो तेव्हा लक्षात आलं की सेमिनरीला एकच दिवस जातो, कारण तिथे गेलो की मी घाबरतो. घाबरलो नसतो तर चार दिवस गेलो असतो. हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळलं नाही.

तर ठरलं असं. जुनी विकत नाही, तिच्यावर महागडं काही लावतही नाही. झिलपीकर म्हणतात तसा ताठ चिमटा, आणि ५० चा स्टेम. ड्रॉपर रद्द, २७.२ चा नव्या फ्रेमवर जाणार नाही. पावसाळाभर तीच. दसऱ्यानंतर नवीन स्टील हार्डटेल, पूर्ण सायकल, ६५ अंश, पुढे ३० ची चकती. घरी विचारलं तर उत्तर आलं, "धागा वाचला आहे. मनगटाचं बिल मीच भरलं होतं, त्यापेक्षा हे बरं."

आता खरा प्रश्न. ५ फूट ८ ला कंपनीच्या तक्त्यात मी बरोबर दोन मापांच्या मधोमध येतोय. मीडियम घेऊ की लार्ज?


मूळचा महालचा
१८ मे, रात्री ९:४१

लार्ज.


टेकडीवाली
१८ मे, रात्री ९:४२

मीडियम.


धातूकाका
१८ मे, रात्री ९:५०

हात आणि पाय वेगवेगळे मोजून टाक. उंचीवरून माप ठरत नाही.


तर्रीबाज
१८ मे, रात्री ९:५२

नवीन धागा काढ बे. याचे पोहे गार झाले.